रांगेतलं पत्र

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास हॅलोमावशीने आयुष्यातली पहिली ईमेल पाठवली आणि दुपारी दीडपर्यंत टेलिफोनची लाइन सोडली नाही.

ईमेल तिच्या दादाला होती. दादा परदेशात एका विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये काच फुंकून प्रयोगशाळेची उपकरणं बनवायचा. शनिवारी तो निवृत्त होत होता आणि तिथल्या निवृत्तांच्या वसाहतीतली खोली घेणार की नाही, हे त्याने त्याच दिवशी कळवायचं होतं. नको म्हणाला तर बहिणीकडे येऊन राहणार. पण बहिणीने 'ये' म्हटल्याशिवाय तो आपणहून विचारणाऱ्यांतला नव्हे. वर्षभरात त्याचे कान पार गेले होते, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. टपालाला पंधरा दिवस लागत आणि त्या देशाने तारसेवा केव्हाच गुंडाळली होती. ही सगळी हकिकत दादाच्या वर्कशॉपमधल्या सोबत्याने बुधवारी फोनवर सांगितली. फोन भाचीच्या ऑफिसात आला आणि तिनेच घेतला; मावशी तेव्हा घरी होती. दादाचा ईमेलचा पत्ताही त्यानेच दिला आणि म्हणाला, काही अडलं तर मी पुन्हा फोन करतो.

भाचीचं ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या वरची खोली. तीन संगणक, एक मॉडेम आणि सगळ्यांत मिळून एकच टेलिफोन. मॉडेम लाइनवर असला की फोन मुका.

मावशीची सगळी नोकरी परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजवर गेली होती. निवृत्तीनंतरही दारावरची बेल वाजली की तोंडातून आधी 'हॅलो'च निघायचं, म्हणून गल्लीतल्या पोरांनी हे नाव ठेवलेलं.

"हा बघ पत्ता," भाची म्हणाली. "हा शेपटीवाला ए दिसतो ना? त्याच्या आधी मामाचं नाव, नंतर त्याच्या मशीनचं."

"म्हणजे आधी ग्राहक, मग एक्स्चेंज. आम्ही उलटं करायचो." मावशीने चष्मा पुसून पुन्हा लावला. "आणि तो आत्ता जागेवर पाहिजे ना?"

"मुळीच नको. पत्र त्याच्या मशीनमध्ये पडून राहतं. येईल तेव्हा वाचेल."

"झोपलेल्याला उठवायला नको, 'साहेब बाहेर गेलेत' नको! आणि राँग नंबर लागला तर?"

"मशीनच परत कळवतं, या नावाचं इथे कोणी नाही."

"इतक्या सभ्यपणे? आमच्या सुपरवायझरला नाही जमलं ते कधी."

मग मावशीने एकेक कळ शोधत, इंग्रजी अक्षरांत आपल्या भाषेत लिहिलं: दादा, ये. मागची खोली तुझी. पडदा नवा लावलाय. उगाच कारणं सांगत बसू नकोस.

भाचीने पत्र पाठवलं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचं बोलावणं आलं. जाताना तिने लाइन तोडायचं बटण दाखवलं. "हे दाबलंस की झालं."

मावशीने ते दाबलं नाही. पलीकडून कोणीतरी 'बोला' म्हटल्याशिवाय जोडणीचा दोर काढायचा नाही, ही एक्स्चेंजची पहिली शिकवण. नव्या पोरींना ती स्वतः हेच घोकून घ्यायची. भाची परतली तेव्हा मावशी खुर्चीत ताठ बसलेली होती आणि मॉडेमचे दिवे लुकलुकत होते.

"अजून उचललं नाही गं त्याने."

"मावशी! अगं, पत्र केव्हाच आपल्या इंटरनेट कंपनीच्या मशीनकडे गेलं. आपलं काम तिथेच संपलं. पुढचं ते मशीन बघतं."

"ते कसं बघतं?"

भाचीने खुर्ची ओढली. "ते मामाच्या मशीनला गाठतं आणि पहिला शब्द काय म्हणतं माहितेय? हॅलो. खरंच. हॅलो, मी अमुक ठिकाणचं मशीन. पलीकडचं म्हणतं, बोला. हे म्हणतं, अमक्याकडून तमक्यासाठी पत्र आहे. ते म्हणतं, तमका आमच्याकडे आहे, द्या. मग हे मजकूर वाचून दाखवतं आणि ते म्हणतं, मिळालं, ठेवून घेतलं. मगच लाइन तुटते."

मावशीचा चेहरा उजळला. "अगं, हीच आमची पद्धत! शब्दन् शब्द! ज्याने कोणी हे बसवलं, त्याची आई नक्की ट्रंकवर असणार."

भाचीने लाइन तोडली आणि लगेच फोन खणाणला. दादाचा सोबती होता, स्टेशनवरून बोलत होता. मावशीने फोन घेतला.

"बाई, दोन तास झाले, सारखं एंगेज! आमचं वर्कशॉप दुसऱ्या इमारतीत हलवताहेत. संगणक, फोन, फॅक्स, सगळं सकाळपासून बंद. म्हटलं होतं, तुमचा निरोप मीच चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात देईन. आता मी निघालोय गावाला, सोमवारी येईन."

"मशीन कधी लागेल?"

"शनिवारी, म्हणताहेत. तुमचे दादा किल्ल्या परत करायला येतील, तेव्हा बघतील. गाडी सुटतेय बाई, ठेवतो."

मावशीने रिसीव्हर हळूच ठेवला. "आयुष्यभर लोकांना सांगत आले, लाइन एंगेज आहे, थोड्या वेळाने करा. आज मीच एंगेज."

भाचीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

शुक्रवारी कंपनीच्या मशीनकडून सूचना आली. भाचीने ती मराठीत सांगितली: पत्र अजून पोचलेलं नाही, रांगेत आहे. आणखी काही दिवस आम्ही प्रयत्न करत राहू. तुम्ही काही करायची गरज नाही.

"सारखा प्रयत्न करतं?"

"थोड्या थोड्या वेळाने. रात्रीसुद्धा."

"आणि कोणावर डाफरत नाही?"

"कोणावर डाफरणार?"

"मी तिसऱ्या प्रयत्नाला डाफरायचे." मावशीने त्या चार ओळींवरून बोट फिरवलं. "गुणाचं आहे गं. अशी एक पोरगी माझ्या पाळीत असती, तर मी तिला शेवटपर्यंत सोडलं नसतं."

शनिवारी ती सकाळपासून ऑफिसात होती. लाइन जोडायची, टपाल बघायचं, लगेच लाइन तोडायची. दादाचं उत्तर नव्हतं. न पोचल्याची सूचनाही नव्हती.

"पोचलं की सांगत नाही का गं हे?"

"नाही. फक्त न पोचल्याचं सांगतं."

"एवढं एक शिकवायचं राहिलं बघ त्याला."

संध्याकाळी सहाला भाचीने कंपनीत फोन लावला. तिथल्या माणसाने रांग तपासून सांगितलं, की पत्र आता रांगेत नाही. तिकडच्या मशीनने ते दुपारी घेतलं. ते कोणी उघडलं की नाही, हे त्याला तिथून दिसत नव्हतं.