आवाजाची वाटणी

एकदोनला स्वतःच्या आवाजाचा फार अभिमान होता. तसा तो कुणाला नसतो? पण ह्याच्याकडे माइक होता, मिक्सर होता, माणसाच्या छातीइतके उंच दोन स्पीकर होते, त्यामुळे रोग जरा बळावला होता. कार्यक्रम कुणाचाही असो, हा तासभर आधी जाऊन माइक हातात घेणार आणि बेंबीच्या देठापासून म्हणणार, "एक... दोन... एक... दोन..." तीन त्याने जन्मात कधी म्हटलं नाही. त्यावरून लोकांनी नाव पाडलं, त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. खरं नाव फक्त बायकोला आठवतं, आणि ती "अहो" म्हणते.

पुढे जे झालं ते तो स्वतःच सांगत फिरतो, आणि सांगताना स्वतःला एकही शिवी कमी देत नाही.

तर झालं असं, की त्याच्या एका स्पीकरच्या पोटातली वाटणी जळली. वाटणी म्हणजे क्रॉसओव्हर. स्पीकरच्या खोक्यात खाली एक मोठा स्पीकर असतो आणि वर एक छोटा कर्णा. जाड आवाज खालच्याला द्यायचा, बारीक आवाज वरच्याला, हे काम ती वस्तू करते. दोन भावांत जमीन वाटावी तसंच. बांध कुठे घालायचा एवढंच काय ते ठरवायचं, आणि सगळी भांडणं नेमकी तिथेच होतात. जळालेली वाटणी दुरुस्त करण्यापेक्षा बाहेरून लावायचा चांगला क्रॉसओव्हर घ्यावा असं एकदोनने ठरवलं, कारण शनिवारी ताईचा निरोप समारंभ होता.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तेहतीस वर्षं एकाच शाळेत शिकवत होती. गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे एक अक्षर बोलायचं नाही अशी तंबी दिली. त्या सहा आठवड्यांत एकदोन तिच्या वतीने बोलायला लागला. फोन आला की हा बोलणार, भेटायला कुणी आलं की हा बोलणार. "ताई म्हणते, आता बरं वाटतंय." ताई काहीच म्हणालेली नसायची. सहा आठवडे संपले, ताईचा आवाज परत आला, पण तो निम्माच. श्वास जास्त आणि आवाज कमी. मग एकदोनने आपलं काम तसंच चालू ठेवलं, कारण खरं सांगायचं तर त्याला ते आवडायला लागलं होतं. शाळेत जाऊन मुख्याध्यापिका बाईंना "ताईचं आता थांबायचं ठरलंय" हेही त्यानेच सांगितलं. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती, तरी अर्ज ह्यानेच भरून आणला. त्याने विचारलं तेव्हा ताईने मान हलवली होती. उभी की आडवी, ते त्याने नीट पाहिलं नव्हतं. सही मात्र तिने केली. तोवर अर्धी शाळा अभिनंदन करून गेली होती, बिचारी काय करणार?

भाषणही त्यानेच लिहिलं. चार पानं. शेवट तर असा, की लिहिता लिहिता त्याचेच डोळे भरून आले: "अत्यंत समाधानाने मी आपला निरोप घेते."

"मीच वाचतो ना ते," तो ताईला म्हणाला. "तुला कशाला त्रास?"

"माझं मी बोलणार," ताई म्हणाली.

"अगं, शेवटच्या रांगेला काय, पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू जायचं नाही."

"मग तू कशाला आहेस? तुझा धंदा काय आहे?"

 शेवटी असं ठरलं, की शुक्रवारी हॉलमध्ये बोलून बघायचं. शेवटच्या रांगेत शब्द पोचले तर ताई बोलेल. नाही पोचले तर भाषण एकदोन वाचेल, आणि ताई त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढणार नाही.

बुधवारी तो दुकानात गेला. दुकानदाराने दोन पेट्या काढून काउंटरवर ठेवल्या. पहिलीला छोटा पडदा होता आणि तिच्यात वेगवेगळ्या माणसांसाठी वेगवेगळा बांध घालून लक्षात ठेवता येत होता. दुसरी साधी होती. पुढे एक नॉब, तो फिरवला की बांध इकडचा तिकडे सरकणार. लक्षात ठेवणं वगैरे काही नाही.

"पडद्यावाली घ्या," दुकानदार म्हणाला. "प्रत्येक आवाजाला वेगळं लावता येतं. बोलणार कोण आहे?"

"आवाज म्हणजे आवाज हो. मला मशीनने सांगायला नको, माझे कान आहेत." असं म्हणून एकदोनने कानाला हात लावून दाखवला. दुकानदाराने कानाकडे पाहिलं आणि मुकाट्याने एका नॉबची पेटी खोक्यात भरली. आजही त्या दुकानावरून जाताना एकदोन रस्त्याच्या पलीकडून जातो.

गुरुवारी त्याने सगळं घरात मांडलं. एक स्पीकर दारात, एक कपाटाशी. बायको खिडकीपाशी मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज शिवत होती. हा माइक घेऊन बरोब्बर मधोमध खुर्ची टाकून बसला आणि "एक... दोन..." म्हणत नॉब फिरवू लागला. एका जागी त्याचा आवाज असा काही भरदार झाला, की त्याच्याच अंगावर काटा आला. त्याने बायकोची लाल नेलपॉलिश आणली आणि नॉबच्या त्या जागेवर ठिपका दिला.

"कसा वाटला?" त्याने विचारलं.

"छान," बायको म्हणाली. तिने मशीनवरून पाऊल उचललंसुद्धा नव्हतं.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर तिघं हॉलमध्ये गेली. लांबट हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या वीस रांगा, दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या. एकदोनने माइकवर "एक... दोन..." म्हटलं आणि खिडक्या थरथरल्या. त्याने विजयी मुद्रेने बायकोकडे बघितलं. ती शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसून पिशवीत काहीतरी शोधत होती.

मग ताई माइकपुढे उभी राहिली. "नमस्कार," ती म्हणाली.

मागे पोचलं ते फक्त "अअआ". जणू कुणी दार लोटलं असावं.

एकदोनने माइक बदलला. वायर बदलली. ताईला "जरा जवळून बोल" म्हणून झालं, "एवढ्या जवळून नको" म्हणूनही झालं. स्टेजच्या पडद्यांना दोष दिला, छताला दिला, शाळा बांधणाऱ्याच्या बापाला दिला. ताई दर वेळी शांतपणे "नमस्कार" म्हणत होती आणि दर वेळी मागे दार लोटलं जात होतं. खरं म्हणजे त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि वरवर वाटलंही. पण आतून त्या नालायकाला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चार पानं, भरलेला हॉल आणि हा आवाज!

"मग ठरल्याप्रमाणे," तो म्हणाला, "मी वाचतो."

ताई जाऊन स्टेजच्या पायरीवर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती दवाखान्यात अशीच बसली होती.

"अहो," बायको मागून म्हणाली, "ते लाल ठिपक्यावर लावलंय ना, ते कुणाच्या आवाजावर?"

"माझ्या."

"आणि उद्या बोलणार कोण?"

एकदोन नॉबवरच्या लाल ठिपक्याकडे बघत राहिला. पंचवीस वर्षं हा माणूस लोकांचे कार्यक्रम करत होता, आणि पंचवीस वर्षं प्रत्येक बोलणारा ह्याच्या आवाजाच्या मापाचा सदरा घालून स्टेजवर उभा राहत होता. ह्याचा आवाज सगळा खालच्या मोठ्या स्पीकरचा. ताईचा जो काही उरला होता तो नेमका बांधावर पडत होता. खालच्याला ते बारीक काम झेपत नव्हतं आणि वरचा "माझी हद्द अजून आली नाही" म्हणून स्वस्थ बसला होता. एवढी साधी गोष्ट! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्याने आधी नखाने नेलपॉलिश खरवडून काढली.

मग तिघं कामाला लागली. बायको नॉबपाशी, हा मागच्या रांगेत, ताई माइकवर. अडचण एकच होती. हा मागून ओरडून सांगायला लागला की ताईचा आवाज त्याखाली बुडायचा. म्हणजे ह्याने तोंड बंद ठेवायचं आणि हाताने खुणा करायच्या. एकदोन आणि तोंड बंद! बायकोने देवाचे आभार मानले असणार.

"मी काय बोलू?" ताईने विचारलं.

"काहीही. थांबू नकोस," तो म्हणाला. हे त्याने तिला वर्षभरात पहिल्यांदाच सांगितलं.

ताईने थोडा विचार केला आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. वीसेक वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी वर्गाची, तोंडपाठ, पहिल्या नंबरापासून. एकदोन मागच्या रांगेत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत ऐकत होता. 'स' आणि 'श'ने सुरू होणारी पोरं सगळी गैरहजर होती. 'त'वाली अर्धी दारात उभी. त्याने बोट खाली केलं, बायकोने नॉब किंचित खाली नेला. ताई शेवटच्या नंबरापर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून निघाली. तिसऱ्या फेरीला 'श'ची दोन पोरं आली. पाचव्या फेरीला खिडकीजवळच्या कोपऱ्यातसुद्धा सगळा वर्ग बसला. मग कर्ण्यावर भार पडू नये म्हणून एकूण आवाज बराच कमी करावा लागला, तरी एकही पोरगं उठून गेलं नाही. दोन तास एकदोन बोलला नव्हता. आणि ताईच्या आवाजात एवढं काय काय आहे, कुठल्या पोराचं नाव ती मऊ घेते, कुठल्याचं घेताना अजून वैतागते, हे त्याला त्या दोन तासांत कळलं.

"आता तुम्ही बोलून बघा," बायको म्हणाली.

त्याने माइक घेतला. "एक... दोन..."

डब्यात कोंडलेली माशी बोलावी तसा आवाज आला. बायको इतकी हसली, की तिला खुर्ची धरावी लागली. त्याचा हात नॉबकडे गेला आणि तसाच मागे आला. पडद्यावाली पेटी घेतली असती तर दोन्ही आवाज ठेवता आले असते. आता एकच ठेवता येणार होता.

शनिवारी अकराला हॉल गच्च भरला. पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम एकदोनकडे होतं. त्याने माशीच्या आवाजात ती करून दिली. पोरं खिदळली, पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी "घसा बसलाय वाटतं" म्हणून हळहळ व्यक्त केली. तो चार पानं खिशात घालून मिक्सरमागे जाऊन उभा राहिला.

ताई माइकपुढे आली. हातात कागद नव्हता.

"माझा आवाज आता हा असा आहे," ती म्हणाली. शेवटच्या रांगेतल्या शिपायाने मान वर केली. "गेलं वर्षभर माझ्या वतीने माझा भाऊ बोलतोय. फार मनापासून बोलतो. त्याने सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी तेवढ्या मला दुरुस्त करायच्या आहेत."

हॉल हसला. एकदोनही हसला. शब्द न् शब्द कसा लख्ख येत होता!

"मला बिनसाखरेचा चहा आवडतो असं त्याने सगळ्यांना सांगितलंय. मला तो अजिबात आवडत नाही. वर्षभर तुमच्या सगळ्यांच्या घरी मी तो गिळतेय." हशा आणखी वाढला. "दुसरं, मला आराम हवाय असं तो म्हणतो. आराम करून करून माझी पाठ धरलीय."

मग ताई थांबली. तिने श्वास घेतला, तोही मागपर्यंत ऐकू आला.

"तिसरं. मला थांबायचं नव्हतं. मी तसं कधी म्हटलं नव्हतं. तेव्हा मला बोलता येत नव्हतं आणि नंतर बोलायची लाज वाटली. घरी बसायची मला भीती वाटते. अर्ज अजून मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर आहे, सोमवारी वरच्या ऑफिसात जायचाय. तो मला परत द्या."

  खिशातल्या चार पानांवर एकदोनने हात दाबून धरला. ती आडवी हललेली मान, ती पदराची गुंडाळी, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं, आणि हा गाढव वर्षभर माइक धरून उभा होता. आत्ता नॉब जरासा वर सरकवला असता तर पुढचं कुणालाच ऐकू गेलं नसतं. हा विचारही त्याला शिवून गेला, हे तो लपवत नाही.

मुख्याध्यापिका बाई गोंधळल्या. वर्षभराची सवय, त्या ताईकडे न बघता सरळ मिक्सरकडे वळल्या. "अहो, तुम्ही तर म्हणाला होतात की... म्हणजे बाईंना नक्की काय हवंय?"

सगळा हॉल वळून एकदोनकडे बघायला लागला. माइक त्याच्या हातात होता. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मला तसं वाटलं होतं, तिच्या भल्यासाठीच केलं होतं, माझं चुकलं, सगळं जिभेवर तयार होतं.

"तिलाच विचारा," तो म्हणाला, आणि त्याने स्वतःचा माइक बंद केला.

मुख्याध्यापिका बाईंनी खुर्ची वळवली आणि ताईला विचारलं. ताईने उत्तर द्यायला जरा वेळ घेतला. तेवढा वेळ एकदोन गप्प उभा राहिला.