रत्नदीपचे कंस

"अरे रत्नदीप, पहिलीतली पोरं तरी बरी रे!" ऑनलाइन मीटिंगमध्ये टीमप्रमुख नरेश सर म्हणाले, तसे पुण्याच्या ऑफिसातले सगळे हसले. लोधिवलीच्या घरात लॅपटॉपसमोर रत्नदीपही हसला. हसतील त्यांचे दात दिसतील.

भानगड कंसांची होती. ही मंडळी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहीत, तिच्यात कंसात कंस, त्यात पुन्हा कंस. शेवटी बंद होणारे सगळे कंस एकाच ओळीत दाटीवाटीनं बसवायची रीत. ते कुणी मोजत नाही. ओळ किती आत सरकलीय ते बघून अर्थ लावायचा, आणि सरकवायचं काम एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअरच करतं. रत्नदीप मात्र नवशिक्यासारखा प्रत्येक कंस वेगळ्या ओळीवर टाकायचा. काचबिंदूनं त्याची नजर नळीतून दिसावं तेवढीच उरली होती. कुठली ओळ किती आत, ते त्याला दिसतच नसे. मग तो एकेका कंसावर बोट ठेवून मोजायचा. ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"उद्यापासून सेव्ह केलं की एडिटरच सगळ्यांचा कोड एकसारखा लावणार," नरेश सर म्हणाले. "चालेल ना?"

"चालेल, सर." म्हणाला खरा, पण कंस एका ओळीत दाटले की बोटानं मोजायचे कसे?

संध्याकाळी धाकटी बहीण दर्शना खालापूरहून कामावरून आली. तिला त्यानं सगळं सांगितलं.

"मंग सांगून टाक ना रं, दादा."

"आन् काढून टाकलं तर? आंधळ्याला कोण ठेवतंय गं?"

"ते हसतात, ते चालतं तुला?"

"हसू दे. येडा म्हणतात, आंधळा तर नाय म्हणत."



सकाळी तिची निघायची घाई चालली होती. रत्नदीपनं फाईल उघडून सेव्ह केली. खालच्या ओळी भराभर वर गेल्या. शेवटच्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं, उचललं, परत ठेवलं.

"दर्शना, हितं किती कंस हायेत गं?"

ती वाकली. "बोट तर काढ."

त्यानं काढलं.

"सहा हायेत. सगळे तुझ्या बोटाखाली होते." मग हळूच म्हणाली, "मी गेल्यावर कुणाला इचारशील?"

रत्नदीपनं लॅपटॉप मिटला. त्याला भीती वाटत होती, आणि आता ती लपवायलाही जागा उरली नव्हती.

"नरेश सरांना फोन लाव," तो म्हणाला.

दर्शनानं पर्स खाली ठेवली आणि फोन लावून त्याच्या हातात दिला. रत्नदीपनं शर्टाची कॉलर सारखी केली.

"सर, रत्नदीप बोलतोय. माझ्या कंसांचं कारण सांगायचं होतं."