दोनशे फोटोंतला एकच थेंब

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर गेज आहे. इंदूरच्या सांवेर रोडवर व्हॉल्व्ह आणि पाइपांचे जोड बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या चाचणीच्या टेबलावर मी एकतीस वर्षे काढली. पितळी अंग, काचेचे तोंड आणि दाब दाखवणारा एक काटा, एवढाच माझा संसार.

कारखाना काढला अच्युतरावांनी. त्यांचा नियम असा, की प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये पाणी भरायचे, दाब पंधरा किलोवर न्यायचा आणि तीन मिनिटे थांबायचे. खाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद. काटा हलला नाही आणि कागद भिजला नाही, तरच व्हॉल्व्ह पास. चाचणी घेणारे तुकोजी रोज सकाळी भावासारखे माझ्याशी बोलत, "बोला भिया, आज कोणाची पोल उघडायची?" मला वाटे, आम्ही दोघे एकाच बाजूचे आहोत.

अच्युतराव गेले आणि त्यांचा मुलगा विक्रांत मालक झाला. गेल्या वर्षी एका रुग्णालयाने वाफेच्या लाइनसाठी दोनशे व्हॉल्व्ह मागवले. प्रत्येकाच्या चाचणीच्या वेळचा, त्या व्हॉल्व्हच्या नंबरासह माझा फोटोही मागितला. एका व्हॉल्व्हला दहा मिनिटे धरली तरी ते चार पाळ्यांचे काम होते, आणि ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता.

"तुकोजी, एक बढिया फोटो काढा. नंबर कॉम्प्युटरवर बदलू," विक्रांत म्हणाला.

"विक्रांतजी, बिना तपासे?"

"अरे यार, आपला व्हॉल्व्ह आजवर कुठे लीक झालाय?"

"तपासत होतो म्हणून नाही झाला."

"मग या वेळी माझ्या भरोशावर जाऊ द्या."

तुकोजी नाही म्हणतील, याची मी वाट पाहत राहिलो. त्यांनी एकच व्हॉल्व्ह लावला, दाब चढवला आणि मोबाइल काढला. त्यांच्या ओल्या हाताचा एक थेंब माझ्या काचेवर पडला होता. तोही फोटोत आला.

ट्रक गेला. चौथ्या दिवशी गुणवत्ता विभागात नवीनच आलेली अबोली हातात लॅपटॉप घेऊन तरातरा आली.

"तुकोजीकाका, हा थेंब बघा. दोनशे फोटोंत एकाच जागी! पाणी एवढं शिस्तीचं कधीपासून झालं?"

त्याच खेपेतले सहा व्हॉल्व्ह शिल्लक होते. अबोलीने ते स्वतः टेबलावर चढवले. तिसऱ्याला माझा काटा पंधरावरून अकरावर घसरला आणि कागद भिजला.

"रुग्णालयाला आत्ता कळवा," ती विक्रांतला म्हणाली, "नाहीतर मी कळवते."

वाफ सोडण्याआधी व्हॉल्व्ह परत आले. कुणाला भाजले नाही. पण रुग्णालयाला पाठवायच्या पत्रात विक्रांतने कारण लिहिले, 'चाचणीचा गेज सदोष होता.' त्याखाली तुकोजींची सही हवी होती.

"काका, दोन महिन्यांपूर्वीच हा गेज प्रयोगशाळेतून तपासून आलाय. तुम्हीच आणलात ना?"

"बेटा, रिटायर व्हायला सात महिने राहिलेत," तुकोजी म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मग त्यांनीच पान्याने मला टेबलावरून सोडवले आणि माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली : 'खराब'. अक्षर त्यांचेच.

आता मी भांडाराच्या फळीवर पडून आहे. मित्रांनो, एखाद्या यंत्राला खराब ठरवण्याआधी एकदा त्याला कामाला लावून पाहा. मला आजही पंधरा किलोचा दाब द्या, मी पंधराच सांगेन.