दोननंतरचं ऊन

"काकू, पापड उचला!" सरोज भिंतीपलीकडून ओरडली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. शेजारच्या अंगणावर पत्रा घालायला चढलेल्या माणसानं पत्र्याला भोक पाडलं आणि लोखंडाचा काळा कीस थेट मनोरमाबाईंच्या पोह्याच्या पापडांवर उतरला.

"अम्मा, बस दो घंटे की बात है," तो वरून म्हणाला.

"तुझे दोन घंटे आणि माझे शंभर पापड!" मनोरमाबाई कडाडल्या.

सरोज धावत आली. ग्वाल्हेरची मुलगी, मराठी बोलायची तेही हिंदीच्या अंगानं. "माफ करा हो काकू. मी नवीन लाटून देते ना. टेन्शन नका घेऊ."

खरं सांगायचं तर पापडांचं दुःख मनोरमाबाईंना फारसं नव्हतंच. पोटात जळत होतं ते वेगळं. टाउनशिपच्या त्या जुन्या क्वार्टरांत न्हाणीघर अंगणाच्या पार टोकाला. बावीस वर्षं त्या अंगणावर पत्रा मागत होत्या आणि बावीस वर्षं नवऱ्याचं, अच्युतरावांचं, उत्तर ठरलेलं: "कारखान्याच्या क्वार्टरला आपण कशाला पत्रा घालायचा? रिटायर झालो की शहराबाहेर मिसरोदला घर बांधू, तिथं घालू." मिसरोदला अजून साधा प्लॉटही नव्हता. आणि शेजारचा यशवंत, सरोजचा नवरा, अच्युतरावांच्या हाताखाली काम शिकलेला पोरगा! सरोज एकदा बोलली असेल-नसेल, की आठवड्याभरात पत्र्यांचा टेम्पो दारात.

पत्रा सरोजच्या सासऱ्यांसाठी होता, हे मनोरमाबाईंना पक्कं ठाऊक होतं. गेल्या पावसाळ्यात अण्णा न्हाणीघराकडे जाताना अंगणात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून काठी आली. दवाखान्यात डबा मनोरमाबाईंनीच पोचवला होता. एवढं सगळं ठाऊक असूनही त्या निळ्या चकचकीत पत्र्याकडे नजर गेली की त्यांना घास गोड लागत नव्हता.

त्यात पत्रा भिंतीवरून वीतभर अलीकडे आला होता. दुपारी दोन वाजले की मनोरमाबाईंच्या अंगणात सावली. सांडगे दमट राहिले, त्यांना वास आला. मे महिना अर्धा सरलेला, कुरडया अजून व्हायच्या होत्या, आणि टाउनशिपमधली सगळी मराठी घरं गणपतीत मनोरमाबाईंच्याच कुरडया तळायची. त्यांचा सगळा मान त्या कुरडयांत होता.

"काकू, आपण पत्र्यावरच घालू या ना," सरोज म्हणाली. "यशवंत शिडी लावून देतील. एका दिवसात कडक होतील बघा."

"माझ्या कुरडया दुसऱ्याच्या पत्र्यावर नाही वाळायच्या."

अच्युतराव म्हणाले, "मी यशवंतला सांगतो. वीतभर पत्रा कापून घेईल, त्यात काय."

"काही सांगू नका," मनोरमाबाई म्हणाल्या. पत्रा वीतभर कापला असता तर ऊन परत मिळालं असतं, पण पत्रा राहिलाच असता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वळणदार हिंदीत अर्ज लिहिला. विनापरवाना पत्रा, शेजाऱ्यांचं ऊन अडतं, वगैरे. खाली नाव न घालता तो टाउनशिपच्या ऑफिसातल्या पेटीत टाकला. अख्ख्या ओळीत परवानगी कुणीच घेत नसे आणि तक्रारही कुणी करत नसे.

सोमवारी ऑफिसातून चार माणसं आली. "शिकायत है. पड़ोस की धूप रुकती है," त्यांच्यातला एक म्हणाला. पडोस म्हणजे एकच घर. पलीकडे रस्ता होता. सरोजनं भिंतीवरून एकदा मनोरमाबाईंकडे पाहिलं. मग ती आत निघून गेली. दुपारपर्यंत पत्रे उतरवून भिंतीला टेकवून ठेवले गेले.

गुरुवारी मनोरमाबाईंनी कुरडयांचा चीक शिजवला. ऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलं होतं. त्यांनी खाटेवर धोतर अंथरलं, सोऱ्या भरला आणि सवयीनं हाक मारायला तोंड उघडलं, तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. चीक गरम आहे तोवरच सोऱ्या फिरवावा लागतो. एकीनं भरायचा, दुसरीनं दाबायचा. सहा वर्षं दाबायला सरोज असायची. पलीकडं ती भांडी घासत होती. आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

त्यांनी एकटीनंच दाबला. मनगट भरून आलं. चार कुरडया झाल्या, त्याही तुटक.

तेवढ्यात पलीकडचं दार वाजलं. अण्णा न्हाणीघराकडे निघाले होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात उन्हासाठी उघडलेली छत्री. दोन्ही सांभाळत ते पाऊल पाऊल टाकत होते. भिंतीपाशी आल्यावर त्यांना खाट दिसली आणि ते थांबले.

"मनोरमाबाई, आज ऊन छान पडलंय हो," ते मनापासून म्हणाले. "वाळतील कुरडया."

"हो अण्णा," त्या म्हणाल्या.

अण्णा पुढं निघाले. पातेल्यातला चीक निवून घट्ट होत चालला होता. न्हाणीघराची कडी वाजेपर्यंत मनोरमाबाई सोऱ्या हातात धरून तशाच उन्हात उभ्या राहिल्या.