त्रेसष्ट अमूल्य माणसं

आस्थापना विभागातल्या प्रोग्रामरबाईंना अवघड काम कधी नडलं नाही. नडलं ते सोपं. साहेबांनी फर्मावलं होतं, "प्रत्येकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या पाहिजेत. वयासकट. आपोआप."

वय मोजायची युक्ती निवृत्तीच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्या कामाच्या प्रोग्रामच्या फायलीत, आयतीच होती. आधीचा प्रोग्रामर ते लिहून नोकरी सोडून गेला होता. महिनाअखेरीला बाई कमांड लाइनवर त्या मॉड्यूलचं नाव आणि तारीख टाकून एंटर मारत; त्या तारखेला ज्यांचं निवृत्तीचं वय भरे, त्यांना साहेबांच्या सहीचं निरोपाचं पत्र मेलवर जाई. आता बाईंनी आपल्या नव्या प्रोग्राममधून त्या मॉड्यूलला नुसतं बोलावलं, वयापुरतं.

'कमांडवरून चालवलं तरच कामाला लागायचं, दुसऱ्या प्रोग्रामने बोलावलं तर गप्प बसायचं,' अशा अर्थाची एक ओळ अशा फायलीत असावी लागते. त्या पठ्ठ्याने ती घातलीच नव्हती. मॉड्यूल हाकेसरशी कामाला लागलं, आणि तारीख कोणी दिली नाही म्हणून सरसकट त्रेसष्ट जणांना निवृत्त करून मोकळं झालं. साहेबांसकट.

पाच मिनिटांत हेडक्लार्क टेबलापाशी हजर. "बाई, माझी अजून अकरा वर्षं आहेत हो!"

"चुकून गेलंय. रद्द केल्याचं पत्र काढते."

"काढा. पण..." त्यांनी खिशातून छापलेला कागद काढला. "'आपली सेवा अमूल्य होती.' हेही रद्द होणार का?"

बाईंनी कागद हातात घेऊन वाचला. तोवर मागे रांग लागली. स्टोअरकीपरला निवृत्ती नको होती, अमूल्य सेवा हवी होती. ड्रायव्हरने तर पत्र बायकोला धाडलंही होतं. 'म्हणजे तुम्ही तिथे काम करता तर!' असं तिचं उत्तर आलं होतं.

आता आपली धडगत नाही, असं मनाशी म्हणत बाई केबिनमध्ये शिरल्या. साहेब चष्मा पुसत होते.

"माझ्या सहीचं पत्र चुकीचं असूच शकत नाही," ते म्हणाले. "निवृत्ती तेवढी मागे घ्या."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं खरंच आहे की. एकवीस वर्षांत मला असं कोणी लिहिलं नव्हतं."

साहेब, ते तुम्हीच तुम्हाला लिहिलंय, हे बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं.

राहिलेली ती ओळ त्यांनी त्याच दुपारी गुपचूप घातली. विचारायला गेल्या असत्या तर समिती नेमली गेली असती.

समिती नेमली गेलीच, पण कौतुकासाठी. तीन बैठकांनंतर ठरलं: शुभेच्छा रद्द, त्याऐवजी दरमहा गौरवपत्र. प्रथम श्रेणीला 'अत्यंत अमूल्य', बाकीच्यांना 'अमूल्य', आणि हंगामी लोकांना 'मुदतीपुरती मूल्यवान'. बाईंनी निमूटपणे नवं मॉड्यूल लिहिलं, एक तारखेला कमांड दिली आणि पत्रं गेली.

हेडक्लार्क पंधरा दिवस बाईंशी बोलले नाहीत. त्यांना नुसतंच 'अमूल्य' आलं होतं.