उजवीकडची जागा

“वहिनी, तो लालसर कडा बघा! ग्रॅनाइट आहे!”

मागून नवऱ्याचा आवाज आला, तशी पहिल्या सीटवरच्या सुनेत्राबाईंनी मुठीतलं लिंबू करकचून दाबलं.

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाची दिवसभराची बससहल होती. बस लागते म्हणून सुनेत्राबाई लग्नापासून प्रत्येक सहलीत ड्रायव्हरमागेच बसत. रविकांतरावांच्या शेजारी कुणीतरी दुसरंच असे. आज तिथे खिडकीशी त्यांची मैत्रीण सुमेधा होती. नवरा, चारुदत्त, गेल्यापासून ती प्रथमच सस्काटून शहराबाहेर पडली होती. तिला आग्रहानं आणलं होतं तेही सुनेत्राबाईंनीच.

जन्मभर विद्यापीठात दगड शिकवले, पण बायकोला कधी एक दगड दाखवला नाही. घरी नुसतं ‘हं’. आणि आज बघा, तोंडाला खळ नाही!

स्कॉटलंडहून आलेल्यांनी वसवलेल्या एका गावात बस चहाला थांबली.

“मजा आहे बाई तुझी,” चिवड्याचा डबा पुढे करत सुनेत्राबाई म्हणाल्या. “फुकट लेक्चर!”

“कसली मजा! तीनदा विचारलं, भावजी, वॉशरूम ब्रेक कधी? त्यांचं आपलं हिमयुगच चालू!”

सुमेधा हसली. सुनेत्राबाईंना हसू आलं नाही.

“परतताना तू पुढे बस,” त्या म्हणाल्या. “समोरचं छान दिसतं.”

बस सुटली. आता डावीकडच्या खिडकीशी सुनेत्राबाई होत्या आणि रविकांतराव गप्प.

“का हो? मला नाही दाखवायचे खडक?”

ते उठले. “तू इकडे ये. मी खिडकीशी बसतो.”

“खिडकी फक्त तिच्यासाठी होती वाटतं?”

“हळू बोल. अगं, डावा कान गेलाय माझा. हिवाळ्यापासून.” त्यांनी मागे कुणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. “कुणी काही विचारलं की भलतंच उत्तर जातं, मग लोक हसतात. त्यापेक्षा आपणच बोलत राहायचं.”

“आणि घरी?”

“घरी कशाला बोलू? तुझं ऐकू येतं ना.”

सुनेत्राबाई उठून त्यांच्या उजव्या बाजूला बसल्या. घाटाची वळणं सुरू झाली. सुनेत्राबाईंनी डोळे मिटले, लिंबू नाकाशी धरलं. पुढे गाईड माइकवर बोलत होता.

“डावीकडे दीपगृह आहे म्हणतोय,” त्या नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या.

“दिसलं. सुरेख आहे. बघ तरी.”

“तुम्ही बघा,” डोळे न उघडता त्या म्हणाल्या. “पुढे एक चर्च येईल. लाकडी आहे, असं म्हणतोय.”