एकशे शहाण्णव गुणांची मुलगी

मित्रांनो, मी एक जुनी प्रश्नावली आहे. परदेशातून शिकायला आलेली मुलं नव्या ठिकाणी कितपत रुळली, हे मोजणं माझं काम. 'इथलं जेवण रुचतं का?', 'अडल्यावर हक्काचं कुणी आहे का?' असे माझे चाळीस प्रश्न. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे अगदी पुरेपूर. आपल्या आकड्याला गोल करायचा, की झालं.

विद्यापीठातल्या एका प्राध्यापक बाईंनी मला घडवलं. दोन वर्षं खपल्या बिचाऱ्या. पुढे माझं नाव झालं. माझी बेरीज कधी चुकत नाही, असं लोक म्हणायचे, आणि मलाही ते खरं वाटायचं.

एके वर्षी रसायनशास्त्र शिकायला आलेल्या एका मुलीने मला भरलं. बेरीज एकशे शहाण्णव!

"ही पोरगी तर इथलीच झाली की!" बाई खूश झाल्या.

पण कागद लावून ठेवणाऱ्या कारकून काकांनी माझं पान खिडकीच्या उजेडात धरलं. "बाई, हे बघा. आधी एकला गोल केलाय, मग खोडून पाचला. पानभर हेच. कागद पार झिजलाय."

बाई मला पिशवीत घालून तडक वसतिगृहात गेल्या. बऱ्याच वेळाने दार उघडलं. आठ दिवस ती मुलगी वर्गात गेली नव्हती. टेबलावर बिस्किटांचे रिकामे पुडे पडले होते.

"खरं का नाही लिहिलंस गं?"

"आईला फोनवर रोज सांगते, मजेत आहे. मग तुम्हाला वेगळं कसं लिहू?" एवढं बोलून ती हुंदके देऊ लागली.

मित्रांनो, मला फार शरम वाटली. चाळीस प्रश्न विचारूनही मला तिचं काहीच कळलं नव्हतं.

बाई तिला त्याच दुपारी घरी जेवायला घेऊन गेल्या. मग तिला खोलीत एक सोबतीण मिळाली. काकाही येता-जाता तिची विचारपूस करू लागले. तरी रुळायला वेळ लागलाच. सहा महिन्यांनी तिने मला पुन्हा भरलं, तेव्हा बेरीज आली एकशे बारा. जेवणाच्या प्रश्नाला तर खणखणीत एक! बाई पोट धरून हसल्या. "आता कशी खरं बोलली!"

हल्ली मुलं मोबाइलवर उत्तरं देतात. मी कपाटात पडून असते, त्याचं एवढं काही वाटत नाही. मागणं एकच आहे. तुमच्या वर्गात कुणी नवं आलं आणि 'कसं चाललंय?' विचारल्यावर 'मजेत' म्हणालं, तर लगेच निघून जाऊ नका. जरा शेजारी बसा. खरं उत्तर यायला थोडा वेळ लागतो.